गळकाठी की जाळं: कुपा कसा धरला, हे का विचारायचं

प्रश्न असा आहे: "मुलीकडे लंडनला गेले होते. तिथे दुकानात ट्यूनाच्या एका डब्यावर 'काठी आणि गळाने एकेक धरलेला' असं छापलं होतं आणि तो शेजारच्या डब्यापेक्षा बराच महाग होता. यात खरंच तथ्य आहे की नुसती जाहिरात? आणि तथ्य असेल तर आपल्या कोकणात गेदर जाळ्यानेच धरतात, ते चूक म्हणायचं का?"

ताई, तथ्य आहे. पण प्रश्नाच्या दुसऱ्या भागाला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देता येणार नाही, कारण 'जाळं' हा शब्द फार मोठा आहे. किनाऱ्यावरून ओढायची रापण जाळंच, प्रवाहात उभी बांधलेली डोल जाळंच, आणि दोन किलोमीटर लांबीची पर्ससीन तीही जाळंच. मासेमारीच्या साधनांच्या कामात माझी सव्वीस वर्षं गेली. बहुतेक काळ रत्नागिरीत, मिरकरवाड्याच्या धक्क्यावर आणि तिथल्या बोटींवर, आणि मधले चार हंगाम लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटावर. काठी आणि जाळं, दोन्ही मी बोटीत उभं राहून पाहिलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मासा कोणता ते बघू. ट्यूना म्हणजे आपला कुपा, पण ही एक जात नाही, ते एक कुटुंब आहे. रत्नागिरीच्या बाजारात दिसतो तो गेदर हा त्यातला लहान, किनाऱ्यालगत फिरणारा भाऊबंद. डब्यात जातो तो बहुतेक वेळा स्किपजॅक. पोटावर लांब काळे पट्टे, वजन दोन-तीन किलो, आणि वर्ष-दीड वर्षात अंडी घालायला तयार. जगात जेवढा ट्यूना धरला जातो त्यातला निम्म्याहून जास्त हाच असतो. झपाट्याने वाढतो, झपाट्याने पोरं घालतो, त्यामुळे बराच मार सोसतो. त्याच्याच थव्यात यलोफिन आणि बिगआय या मोठ्या जातींची पिल्लं फिरत असतात. यलोफिन साधारण मीटरभर लांब झाल्यावर पहिल्यांदा प्रजननाला येतो. म्हणजे स्किपजॅकच्या मापाचा यलोफिन हे अजून पोरच असतं. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मिनिकॉयला दिवसाची सुरुवात चाऱ्यापासून होते. फटफटायच्या आधी बोट लगूनमध्ये जाते, म्हणजे प्रवाळाच्या कड्याने वेढलेल्या उथळ, स्वच्छ पाण्यात. चौकोनी बारीक जाळं पाण्यात उतरवतात. एक-दोघं डोळ्यांना चष्मा लावून पाण्यात उतरतात, तोंड खाली घालून तरंगत राहतात आणि माशांचा पुंजका जाळ्यावर आला की हात वर करतात. मग चारी टोकं एकदम उचलायची. जाळ्यात बोटभर लांबीची, काचेसारखी चमकणारी मासळी असते. मिनिकॉयच्या महल भाषेत तिला होंडेली, रेही अशी नावं आहेत. तिला हात लावायचा नाही, पाण्यासकट उचलून बोटीच्या पोटातल्या टाकीत सोडायची. त्या टाकीला तळाशी भोकं असतात, त्यातून समुद्राचं पाणी सतत आतबाहेर खेळतं. चारा जिवंत राहिला तरच पुढचं सगळं. मेला तर त्या दिवशी मासेमारी नाही.

मग कड्याबाहेर पक्षी शोधायचे. पक्ष्यांचं भिरभिरणं दिसलं की बोट थव्याच्या अंगाला नेतात. एकजण टाकीतला जिवंत चारा मुठीमुठीने पाण्यात फेकतो. बोटीच्या मागच्या बाजूने पाण्याचे फवारे सुरू करतात. पूर्वी हे पाणी हाताने उडवायचे, आता पंप आहे. फवाऱ्याने पाण्याचा पृष्ठभाग फुटतो, खालून बोट आणि माणसं दिसत नाहीत, आणि माशाला वाटतं की चारा वर उसळ्या मारतो आहे. कुपा पिसाळतो. फळीवर ओळीने बसलेल्या माणसांच्या हातात बांबूच्या किंवा फायबरच्या काठ्या असतात. दोरी काठीपेक्षा जराशी आखूड, टोकाला चकचकीत गळ आणि त्याला पिसांचा झुपका. गळाला आमिष लावलेलं नसतं आणि मुख्य म्हणजे त्याला उलटा काटा नसतो. मासा तोंड लावतो, माणूस काठी उचलतो, मासा हवेतून खांद्यावरून मागे येतो, दोरी सैल पडली की आपोआप सुटून फळ्यांवर पडतो. तोवर गळ पुन्हा पाण्यात गेलेला असतो. हे सगळं काही सेकंदांत होतं. माझ्या हातात पहिल्यांदा काठी दिली तेव्हा तिथला म्हातारा तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, एवढंच म्हणाला, "बळ लावू नको, मासा त्याच्या वेगानेच वर येतो, तू फक्त वाट दाखव." दहा-पंधरा मिनिटं फळ्यांवर शेपट्यांचा ताशा वाजत राहतो, मग थवा खाली जातो आणि एकदम शांत होतं.

या पद्धतीचं मोल तिथे बसल्यावर कळतं. प्रत्येक मासा एका माणसाच्या हाताखालून जातो. नको असलेला मासा आला तर तो जिवंत असतानाच दिसतो आणि परत टाकता येतो. कासव, डॉल्फिन, मोठी मुशी (शार्क) यांचा या गळाशी जवळजवळ संबंधच येत नाही. साधन समुद्रात हरवून वर्षानुवर्षं मासे मारत राहील ही भीती नाही. आणि मर्यादा आपोआप पडते, कारण जितके हात तितक्याच काठ्या, आणि टाकीतला चारा संपला की घरी. मिनिकॉयचा मासा संध्याकाळच्या आत बेटावर येतो. त्याचे उभे तुकडे करून खाऱ्या पाण्यात उकळतात, धुरावर धरतात, उन्हात वाळवतात. लाकडासारखा टणक होतो. हाच मासमीन, जो पिढ्यान्‌पिढ्या श्रीलंकेपर्यंत जात आला आहे. शेजारच्या मालदीवमध्येही हाच धंदा, हीच काठी. चौदाव्या शतकात इब्न बतूता मालदीवमध्ये काझी म्हणून राहिला होता, त्याने तिथल्या सुकवलेल्या माशाबद्दल लिहून ठेवलं आहे. इतकी शतकं त्याच समुद्रातून तोच मासा निघतो आहे आणि अजून संपलेला नाही. मालदीवच्या काठीने धरलेल्या स्किपजॅकला २०१२ मध्ये मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या, मासेमारी टिकाऊ आहे का ते तपासणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र मिळालं. तुम्ही लंडनला पाहिलेला डबा बहुधा तिथलाच असावा.

आता पर्ससीन. जगातला साधारण दोन-तृतीयांश ट्यूना यानेच निघतो, काठीने दहा टक्क्यांहूनही कमी. आपल्या मिरकरवाड्यातली पर्ससीन डोळ्यांसमोर आणू नका. ट्यूनाच्या जहाजाचं जाळं दीड-दोन किलोमीटर लांब आणि दोनशे मीटर खोल असतं. थव्याला वेढा घालायचा आणि तळाची दोरी ओढून बटव्यासारखं तोंड आवळायचं. हिंदी महासागराच्या पश्चिम भागात युरोपची जहाजं १९८०च्या दशकापासून हे करत आहेत.

इथे माझं मत अनेकांना आवडत नाही. पर्ससीन मुळात वाईट साधन नाही. मोकळ्या फिरणाऱ्या थव्याला वेढा घातला तर त्यात बहुतांश ट्यूनाच येतो. पॅसिफिकमधल्या नऊरू करारातल्या बेटराष्ट्रांनी असाच मोकळ्या थव्यातला स्किपजॅक वेगळा नोंदवायला सुरुवात केली आणि २०११ मध्ये त्यालाही तेच प्रमाणपत्र मिळालं. तिथे सरकारांनी जहाजांना मासेमारीचे दिवस विकत घ्यायला लावले, त्यातून त्या छोट्या देशांचं उत्पन्नही वाढलं.

गडबड होते ती तरंगत्या तराफ्याने. समुद्रात ओंडका तरंगत असला की त्याच्या सावलीला मासा जमतो, हे आपल्या कुठल्याही खलाशाला ठाऊक आहे. जहाजांनी तेच मुद्दाम करायला सुरुवात केली. तराफा, त्याखाली शेपटीसारखं लोंबणारं जुनं जाळं, आणि वर उपग्रहाशी बोलणारा बोया. खाली किती मासा जमला आहे तेही बोया कळवतो. जहाजाने थेट तिथे जायचं आणि वेढा घालायचा. पण सावलीला फक्त स्किपजॅक जमत नाही. यलोफिन आणि बिगआयची पोरं जमतात, रेशमी मुशी जमते, सगळे एकाच बटव्यात येतात. शिवाय त्या लोंबत्या जाळ्यात अडकून मुशी मरायच्या त्या कुणाला दिसायच्याही नाहीत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने एकट्या हिंदी महासागरात वर्षाला ४ लाख ८० हजार ते ९ लाख ६० हजार रेशमी मुशी अशा मरत असाव्यात असा अंदाज मांडला. त्यानंतर लोंबतं जाळं काढून साधी दोरी लावायचे नियम आले. हिंदी महासागर ट्यूना आयोगाने एका जहाजाला वापरता येणाऱ्या बोयांची संख्या आधी ५५० वर बांधली, मग टप्प्याटप्प्याने, २०१९ च्या ठरावाने, ३०० पर्यंत खाली आणली. या आयोगाने २०१५ मध्ये यलोफिनचा साठा गरजेपेक्षा जास्त ओरबाडला गेल्याचं जाहीर केलं होतं. २०२४ च्या पाहणीत तो सावरलेला दिसला. बिगआय मात्र २०२२ च्या पाहणीत धोक्यात असल्याचं दिसलं. तराफ्याखालच्या पोरांचा हिशोब असा पुढे येतो.

काठीलाही यलोफिनची पिल्लं लागतात, हे खरं आहे आणि लपवू नये. थवा मिसळलेला असतो, काठीने तरी काय करावं. फरक प्रमाणाचा आहे.

आणि आता ज्याबद्दल मला खरं लिहायचं होतं ते. युरोपातल्या ग्राहकाला पर्ससीनचा राग येतो, कारण त्याचा डबा तिथून येतो. पण आपल्या समुद्रात सगळ्यात जास्त जीव जातात ते वाहत्या गिलनेटमध्ये, आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. हे जाळं म्हणजे पाण्यात उभी तरंगणारी नायलॉनची भिंत. संध्याकाळी सोडायचं, रात्रभर वाहू द्यायचं, पहाटे ओढायचं. मासा डोकं घालतो आणि कल्ल्यांशी अडकतो. इराण, पाकिस्तान, श्रीलंका, ओमान आणि आपण, सगळेच ट्यूनासाठी हे वापरतो. खर्च कमी, लहान बोटीला परवडतं, पोट भरतं. म्हणून मी ते वापरणाऱ्या माणसाला दोष देणार नाही.

पण जाळ्याला रात्री कोणी बघत नसतं. एकदा पहाटे आमच्या जाळ्याबरोबर एक डॉल्फिन वर आला. शेपटीला तीन-चार फेरे बसले होते. त्याला श्वासासाठी वर यावंच लागतं, ते जमलं नाही. अंगाचा रंग अजून ताजा होता, म्हणजे फार वेळ झाला नसावा. तांडेलाने ओढणं थांबवलं, खाली वाकून त्याच्या डोळ्यावर हात ठेवला आणि मग चाकू काढून स्वतःचं जाळं कापलं. पन्नासेक वर्षांचा माणूस, त्या सकाळी धक्क्यावर येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. दोन तास आधी कोणी तिथे असतं तर तो जिवंत सुटला असता. काठीत आणि या जाळ्यात मला दिसलेला सगळ्यात मोठा फरक हाच. मासा साधनाला लागतो त्या क्षणी तिथे माणूस असतो की नसतो.

२०२० मध्ये शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरातल्या ट्यूनाच्या गिलनेटचा हिशोब मांडला. १९५० ते २०१८ या काळात सुमारे ४१ लाख डॉल्फिन आणि तत्सम लहान सस्तन जीव त्यात मेले असावेत. आकडा अंदाजाने काढलेला आहे, कारण बोटींवर नोंद ठेवणारं कोणी नव्हतं. पण ज्यांनी जाळी ओढली आहेत त्यांना तो फुगवलेला वाटत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९९१ च्या ठरावाने लांबलचक वाहती जाळी खुल्या समुद्रात थांबवायला सांगितलं. किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांच्या आत मात्र ज्याचं त्याने बघायचं होतं, आणि आपल्याकडची मासेमारी बहुतेक तिथेच होते. ट्यूना आयोगाने अशा जाळ्यांवरची बंदी तिथे लागू केली ती २०२२ पासून.

याचा माशाच्या प्रतीवरही परिणाम होतो. कुप्याचं रक्त गरम, मांस लाल, आणि आपलं पाणीही कोमट. रात्री दहाला अडकलेला मासा पहाटे पाचला वर आला तर सात तास तो बर्फाशिवाय पडून होता. त्या मांसात हिस्टामीन तयार होतं. ते शिजवल्याने जात नाही, डब्यात बंद केल्यानेही जात नाही. कुपा खाऊन तोंड लाल झालं, डोकं ठणकलं, अंगावर गांधी आल्या, असं कोणी सांगितलं तर बहुतेक वेळा कारण हेच. काठीचा मासा जिवंत बोटीत पडतो, त्याच क्षणी बर्फात टाकता येतो.

मग सगळ्यांनी काठी धरावी का? इथे काठीच्या बाजूची उणी बाजूही सांगतो. पहिली गोष्ट चारा. होंडेली, रेही ही मासळी प्रवाळाच्या आश्रयाने जगते. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये पाणी तापून लक्षद्वीपचा प्रवाळ पांढरा पडला आणि त्यातला बराच मेला. लगून बिघडलं की चारा नाही, चारा नाही की काठी नुसती काठी. तिथले कोळी चाऱ्याच्या नोंदी ठेवतात, बारीक पिल्लं धरू नयेत यावर आपसांत बोलतात. दक्षिण फाउंडेशनसारख्या संस्था त्यांच्याबरोबर हे काम करतात. कुपा वाचवायचा तर लगून वाचलं पाहिजे, म्हणून तिथे वाळू उपसताना किंवा धक्का बांधताना दहा वेळा विचार करावा, असं मी बेटावरच्या बैठकांत उघड बोललो आहे आणि अजून बोलतो.

दुसरी गोष्ट डिझेल. जगभरातल्या ट्यूना बोटींच्या २००९ च्या आकड्यांनुसार टनभर माशामागे पर्ससीनला साधारण ३७० लिटर इंधन लागत होतं आणि काठीला १,५०० च्या जवळपास. ही सरासरी लांबवर जाणाऱ्या मोठ्या बोटींसकटची आहे, मिनिकॉयच्या सकाळी जाऊन संध्याकाळी येणाऱ्या बोटीला ती तशीच लावता येणार नाही. पण काठी सगळ्याच बाबतीत हलकी, असं म्हणणाऱ्याने हा आकडा पाहावा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कोकणाचा. मिनिकॉयची काठी रत्नागिरीला आणून चालणार नाही. आपलं पाणी गढूळ, लगून नाही, जिवंत चारा नाही. हे मी साधनांचा माणूस म्हणून ठामपणे सांगतो, कारण असे प्रस्ताव अधूनमधून येत असतात. गेदर जाळ्याने धरणं ही चूक नाही. तो चटकन वाढणारा, किनाऱ्यालगतचा मासा आहे, आणि दिवसा सोडून डोळ्यांसमोर ठेवलेलं आखूड जाळं, योग्य आसाचं (म्हणजे योग्य मापाच्या भोकांचं), हे चांगलं साधन आहे. बोट चालवत मागे ओढलेल्या गळांनीही गेदर आणि सुरमई छान मिळते, आणि त्या माशाला धक्क्यावर दर बरा येतो.

चूक होते ती वेगळ्या जागी. आपल्याकडे पर्ससीन अशी वाढली की किनाऱ्याचे रापणवाले आणि छोटे कोळी रिकाम्या हाताने परतायला लागले. पर्ससीनचा अभ्यास करणाऱ्या डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर २०१६ मध्ये महाराष्ट्राने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच काळ ठेवला. रात्री प्रखर दिवे लावून मासा गोळा करण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. दिवा म्हणजे आपला तराफाच. सावलीऐवजी उजेड, पण पोरं-थोरं सगळी एकत्र गोळा होतात ती तशीच. हे दोन्ही नियम कागदावर चांगले आहेत. समुद्रात ते रात्री दोन वाजता पाळले जातात का, हे बघायला गस्तीच्या बोटी पुरेशा हव्यात, आणि त्यासाठी छोटे कोळी वर्षानुवर्षं निवेदनं देत आले आहेत.

एका गोष्टीचं मला मनापासून समाधान आहे. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात योजना आहे. कासव, डॉल्फिन, बहिरी मुशी असा संरक्षित प्राणी जाळ्यात आला आणि कोळ्याने जाळं कापून तो सोडला, तर फोटो पाहून जाळ्याची भरपाई मिळते, २५ हजार रुपयांपर्यंत. माझ्या त्या तांडेलाने जाळं कापलं तेव्हा ही योजना नव्हती. नुकसान त्याने स्वतः सोसलं होतं.

आणि एक उपाय असा आहे ज्याला जवळजवळ खर्च नाही. डब्ल्यूडब्ल्यूएफ-पाकिस्तानने कराचीच्या ट्यूना बोटींवर तांडेलांनाच नोंदी ठेवायला शिकवलं. त्यातून जाळं पृष्ठभागावर न ठेवता दोन मीटर खाली सोडून पाहिलं. डॉल्फिन सापडण्याचं प्रमाण तीन-चतुर्थांशाहून जास्त घटलं, ट्यूना मात्र मिळत राहिला. करायचं काय, तर बोये आणि जाळ्याची वरची दोरी यांच्यामधल्या दोऱ्या लांब करायच्या. जाळं तेच, बोट तीच, माणसं तीच.

डबा घेताना काय बघायचं तेही सांगून ठेवतो. नुसतं 'शाश्वत' किंवा 'डॉल्फिनला धोका नाही' एवढं छापलं असेल तर त्यावरून साधन कळत नाही. मासा कोणता, कुठल्या समुद्रातला आणि कशाने धरला, या तीन गोष्टी लिहिलेल्या हव्यात. स्किपजॅक आणि काठी असेल तर निर्धास्त घ्या. पर्ससीन असेल तर तराफ्याशिवाय धरल्याचं लिहिलं आहे का ते बघा. साधनाचा उल्लेखच नसेल तर तो डबा मी स्वतः परत ठेवतो. इथे बाजारात गेदर घेताना मात्र मावशीला सरळ विचारा, "रात्रीच्या जाळ्यातला की गळाचा?" तिला माहीत असतं. कल्ले उचलून बघा, लालभडक हवेत. पोटाजवळ बोट दाबलं तर खड्डा राहता कामा नये.

मिरकरवाड्यातले दोन तांडेल नारळी पौर्णिमेनंतर जाळ्याच्या दोऱ्या दोन मीटरने वाढवून बघायला तयार झाले आहेत. एकाने तर दोरी आणून बोटीत ठेवलीही. वर जाळं दिसलं नाही तर दुसऱ्या बोटीच्या पंख्यात जाईल, ही त्यांची शंका रास्त आहे. म्हणून बोयांवर दिवे लावायचं ठरलं आहे. पहिल्या काही रात्री मी बोटीवर असेन आणि जाळ्यात काय काय येतं ते वहीत लिहून ठेवेन.